द्राक्ष शेजारी, मोह घरचा : जव्हार-मोखाड्याच्या वाटेवरच्या १४ चटकदार गोष्टी

नाशिकची वाइन आता कुणाला नवी राहिलेली नाही. शनिवारी सकाळी मुंबई-ठाण्याहून गाड्या निघतात, गंगापूर धरणाकाठी दुपार घालवतात आणि रविवारी संध्याकाळी आल्या रस्त्याने परततात. पण परतीची आणखी एक वाट आहे. त्र्यंबकेश्वर ओलांडून पश्चिमेकडे निघालं की घाटवळणं घेत आधी मोखाडा लागतो, मग जव्हार. नाशिक ते जव्हार अंतर साधारण ८० किलोमीटर. या वाटेवर द्राक्षमळे मागे पडतात आणि मोहाची झाडं सुरू होतात. एका निवांत सुट्टीत दोन्ही मुलुख सहज बसतात. फक्त इथे कुठे जायचं याआधी कधी जायचं, ते ठरवावं लागतं. वेल, मोह, तारपा, रानभाजी, सोंगं, सगळ्यांचा आपापला महिना आहे. तो चुकला की जागा तीच असते आणि मजा मात्र निम्मी होते. म्हणून या १४ गोष्टी, महिन्यांच्या हिशेबासकट.

१. इथली वेल थंडीत झोपत नाही

वाइनची जुनी नावाजलेली गावं बहुतेक ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. नाशिक आहे २० अंशांवर. युरोपात थंडी पडली की वेलीची पानं गळतात आणि ती विश्रांती घेते. नाशिकच्या हवेत तिला अशी सक्तीची झोप नाही. म्हणून बागाईतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. पीक मात्र एकच घ्यायचं. फ्रान्समध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर तोडणी चालते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. घडांनी लगडलेला मळा बघायचा असेल तर पावसाळी सहल कामाची नाही, तेव्हा वेलीवर फक्त पानं भेटतात.

२. पंचवीस वर्षांत उभा राहिलेला मुलुख

खायच्या द्राक्षांसाठी नाशिक कधीचंच प्रसिद्ध, पण वाइनच्या द्राक्षांची गोष्ट ताजी आहे. राजीव सामंत यांनी १९९९ साली सुला व्हिनयार्ड्स सुरू केली आणि २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. सोव्हिनियाँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या फ्रेंच जातींच्या वेली त्यांनी नाशिकच्या मातीत लावल्या. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, त्यात वाइनला सवलती मिळाल्या आणि दिंडोरी, विंचूर, इगतपुरी भागांत एकेक वाइनरी उभी राहत गेली. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे.

३. धरणाकाठी वाइनरी, गावात राजघराण्याचं मूळ

इगतपुरी तालुक्यात मुकणे धरण आहे. त्याच्या पाण्याकडे तोंड करून बसलेली व्हॅलोने व्हिनयार्ड्स पर्यटकांच्या आवडीची. ग्लास हातात घेऊन पाण्याकडे बघणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं की ६०० वर्षं जव्हारवर राज्य केलेल्या कोळी महादेव घराण्याचं आडनावही मुकणेच. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंद आहे की या घराण्याच्या मूळपुरुषाची छोटी मातीची गढी थळ घाटाजवळच्या मुकणे इथे होती. थळ घाट म्हणजे आपला कसारा घाट. म्हणजे नाशिक ते जव्हार ही वाट एका राजघराण्याने आपल्या आधीच चाललेली आहे.

४. बैलाच्या कातड्याएवढी जमीन

त्या मूळपुरुषाचं नाव जयबा मुकणे. जव्हारची कथा अशी : जयबाने तिथल्या सत्ताधाऱ्याकडे फक्त एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. एवढीशी मागणी, लगेच कबूल झाली. मग जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीने मोठा मुलुख वेढून घेतला. नेमकी हीच युक्ती भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीची राणी डायडो हिच्या नावावरही सांगतात. दोन खंडांत, दोन टोकांना, एकच चतुर हिशेब. जव्हारमध्ये कुणा वडीलधाऱ्यांना ही गोष्ट विचारा, रंगवून सांगतील.

५. संस्थान लहान, शक स्वतःचा

जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाकडून राजा ही पदवी मिळाली. गॅझेटियर तारीख देतं : ५ जून १३४३. जव्हारच्या लोकांना हा दिवस एवढा मोलाचा वाटला की तिथून त्यांनी स्वतःची कालगणना सुरू केली आणि पुढची शतकानुशतकं सरकारी कागदांवर ती वापरली. मोगल आले, पोर्तुगीज आले, पेशवे आले, इंग्रज आले, डोंगरातलं हे राज्य टिकून राहिलं. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले.

६. सुरतेची वाट इथून जाते

जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले, ते याच डोंगरवाटेने. तेव्हा जव्हारच्या गादीवर विक्रमशहा होते. जव्हारजवळच्या शिरपामाळावर त्यांनी महाराजांचं स्वागत केलं, असं इथे अभिमानाने सांगतात. माळावर आज त्या भेटीचं स्मारक आहे. मैत्री मात्र फार टिकली नाही. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार काबीज केलं. शिरपामाळावर उभं राहून चौफेर बघितलं की सैन्याने हाच मार्ग का निवडला ते कळतं : आडवाटा, दाट रान आणि शत्रूला सुगावा लागणं अवघड.

७. काजूच्या बागेतला राजवाडा

गावाबाहेर टेकडीवर जयविलास राजवाडा आहे. गुलाबी छटेचा दगड, युरोपीय धाटणीचे खांब आणि घुमट, भोवती काजूची झाडी. वाडा आजही खासगी मालकीचा आहे, त्यामुळे आत जाण्याच्या वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्या. संध्याकाळची वेळ हनुमान पॉइंट आणि सनसेट पॉइंटसाठी राखून ठेवा. साडेचारशे मीटरच्या आसपास उंची असल्यामुळे जव्हारला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणायची पद्धत पडली आहे. गर्दीच्या बाबतीत मात्र जव्हार अजून जव्हारच आहे, हे त्याचं सुख. रेल्वे इथे कधी पोचलीच नाही. यायचं ते एसटीने नाहीतर स्वतःच्या गाडीने.

८. पहाटे जमिनीवर सांडणारी गोडी

आता या मुलुखाचं स्वतःचं झाड : मोह. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडून गेलेल्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके लागतात. फूल रात्री उमलतं, वटवाघळं त्यावर येतात आणि पहाटे पाकळ्यांचा रसाळ, मलईच्या रंगाचा गोळा अख्खाच्या अख्खा खाली पडतो. तोडायचं काही नाही, फक्त वेचायचं. उजाडायच्या आत बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की फूल मलूल होतं आणि गुराढोरांचीही त्यावर नजर असते. ताजं फूल चिमटीत धरलं तर बोटं चिकट होतात आणि वास घरभर पुरतो. अंगणात चार-सहा दिवस वाळवलं की ते आक्रसून तांबूस तपकिरी होतं, दिसायला मनुक्यासारखं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते, तोडणीला आलेल्या द्राक्षात ती वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात. फुलं भाजून खातात, भाकरीत घालतात, लाडू वळतात. कोवळ्या फळांची भाजी होते आणि बियांचं तेल निघतं. दारू हा या झाडाचा फक्त एक उपयोग आहे, जगवणं हा मोठा.

९. फुलावर सरकारचा डोळा

वाइन म्हणजे आंबवलेला रस, बस्स. मोहाची फुलं आधी भिजवून आंबवतात आणि मग भट्टीवर गाळतात, म्हणून मोहाची दारू कडक मद्यात मोडते. इंग्रज सरकारला अबकारीचा पैसा हवा होता आणि घरोघरच्या भट्ट्या त्याच्या आड येत होत्या. म्हणून १८९२ साली मुंबई सरकारने थेट मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावर आणि विकण्यावर बंधनं आली. दारूआधी भूक भागवणारं फूल गुन्ह्याच्या यादीत गेलं. स्वातंत्र्यानंतरही फुलांच्या साठवणीवर आणि वाहतुकीवर निर्बंध राहिले, महाराष्ट्राने ते २०२१मध्ये उठवले. शेजारच्या मध्य प्रदेशाने तर मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून मान दिला आहे. आपल्याकडेही वेचणाऱ्या हातांना या फुलाचा पुरता मोबदला मिळावा. द्राक्षाला धोरण मिळालं, तेवढं लक्ष मोहालाही मिळायला हवं.

पाहुण्यांसाठी एक साधी गोष्ट : विनापरवाना गाळलेली दारू बेकायदा आहे आणि तिच्यात काय मिसळलं आहे ते बाटली बघून कळत नाही. मोहाची गोडी चाखायची तर लाडू मागा.

१०. पंचवीसचं गणित, आणि चिकूची बाटली

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक मद्यासाठी २५. एकाच टेबलावर बसलेल्या २३ वर्षांच्या मित्राला वाइन चालते, व्हिस्की चालत नाही. आणि जो गाडी चालवणार, त्याला दोन्ही नाही. त्र्यंबकनंतरची घाटवळणं पूर्ण शुद्धीत घ्यायची आहेत. द्राक्षाचा कंटाळा आला असेल तर याच पालघर जिल्ह्यात समुद्राकाठी बोर्डीला चिकूची वाइन तयार होते. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा किनारा, सपाटी आणि डोंगर तिन्ही बाळगून आहे, जव्हार-मोखाडा हे त्याचं डोंगरी टोक.

११. भोपळ्यातून निघणारा सूर

तारपा जवळून बघा. वरच्या बाजूला वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात फुंक मारायची. भोपळ्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांवर बोटं फिरतात. पुढे ताडाच्या पानांचा लांब निमुळता कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा नाकाने श्वास घेत गालांतली हवा आत सोडत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि तारपेवाल्याभोवती वेटोळं घेत फिरतात. सूर बदलला की पावलंही बदलतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. तारप्याचा खरा हंगाम नवं धान्य येतं तेव्हाचा, पावसाच्या अखेरीपासून दिवाळीच्या पुढेमागे. हॉटेलच्या हिरवळीवर सांगितल्या वेळी होणारा नाच आणि पिकाच्या आनंदात पाड्यावर उभा राहिलेला नाच, यांत ऐकता क्षणी फरक कळतो.

१२. एकच रंग, तोही तांदळाचा

वारली चित्रात मूळ रंग एकच, पांढरा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, चिकटपणासाठी डिंक घालायचा. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. पाटी म्हणजे शेणामातीने सारवून गेरू फासलेली कुडाची भिंत. पूर्वी हे काम बायकांचं : लग्नघरात सवाष्णी भिंतीवर चौक लिहीत आणि त्यात पालघाट देवी बसवत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदा-कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. चित्र विकत घेणार असाल तर जव्हार-डहाणूच्या पाड्यांवर, काढणाऱ्याच्या हातूनच घ्या. चित्रातलं वेटोळं कशाचं आहे, तेही तो सांगेल. अकरावी गोष्ट वाचली असेल तर तुम्हाला ते आधीच ठाऊक आहे.

१३. रात्रभर देव नाचतात

मोखाड्याचा बोहाडा एकदा तरी बघावा. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास गावात सोंगं निघतात. आधी गणपती आणि सरस्वती, मग एकेक देव, दानव, रामायण-महाभारतातली पात्रं. प्रत्येकाचा मोठा रंगीत मुखवटा, साथीला संबळ आणि सनई. मशालीच्या उजेडात सोंग नाचत येतं, आणि अमुक मुखवटा अमुक घराण्याचा हा मान पिढ्यान्‌पिढ्या चालतो. उत्सवाच्या शेवटी देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात. तिकीट नाही, मंच नाही, रस्ता हाच रंगमंच. तिथी गावागणिक वेगळी असते, म्हणून निघण्याआधी मोखाड्यात चौकशी करा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि सोंगाच्या वाटेत उभं राहू नका. बघणाऱ्याला हा खेळ वाटला, तरी नाचणाऱ्यासाठी ती पूजा आहे.

१४. पहिल्या पावसाचं ताट, आणि मुंबईच्या नळाचं पाणी

जूनच्या पहिल्या सरींनी रानात शेवळं वर येतात. जांभळट, टोकदार, जमिनीतून उगवलेल्या भाल्यासारखी. नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळं किंवा बोंडाऱ्याचा पाला घालतात. खाज जाते, चव राहते. पाठोपाठ टाकळा, कुरडू, करटोली, बांबूचे कोवळे कोंब. सोबत नागलीची भाकरी : १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा अगदी छोटा हिस्सा. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी आहेत : वारली, कोकणा, कोळी महादेव, ठाकूर, कातकरी. रानातलं काय खायचं आणि कसं खायचं, हे ज्ञान त्यांचं आहे.

त्याच पावसात जव्हारजवळ लेंडी नदी दाभोसा इथे सुमारे ३०० फूट खाली झेपावते. धबधबा वरून बघावा, खालचा डोह खोल आहे. आणि मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण? १०२ मीटर उंच, २०१४मध्ये पूर्ण झालेलं, बांधलं मुंबईच्या तहानेसाठी. मुंबईकरांच्या पेल्यातलं पाणी या डोंगरांतून येतं आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. ही गोष्ट या यादीत चटपटीत नाही, पण तिच्याशिवाय यादी खोटी ठरेल. उन्हाळ्यात इथे मुक्काम केलात तर बादली जपून वापरा.

मग कधी निघायचं?

• जानेवारी-फेब्रुवारी : नाशिकला द्राक्षतोडणी, जव्हारला गुलाबी थंडी. मुलुख पहिल्यांदाच बघणार असाल तर हाच काळ धरा.
• मार्च-एप्रिल : मोहाची पहाट आणि बोहाड्याची रात्र. ऊन कडक असतं, दुपार सावलीत काढा.
• जून-जुलै : शेवळं, रानभाज्या, भातलावणी. वेलींवर घड नसतात, ताटात मात्र चंगळ.
• ऑगस्ट-सप्टेंबर : दाभोसा आणि काळमांडवीचे धबधबे, सूर्यमाळच्या डोंगरावरचं धुकं.
• ऑक्टोबर-नोव्हेंबर : नवं धान्य, तारपा, आणि परत जाताना नाशिकला गोडी छाटणी झालेल्या वेलींचे कोवळे फुटवे.

एक दिवस मळ्यात आणि दोन दिवस डोंगरात, असा बेत आखा. जेवण पाड्यावरच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना तयारीला वेळ मिळतो आणि पैसे थेट रांधणाऱ्या हातात पडतात. नागली, काजू, वारली चित्र, जे घ्याल ते पिकवणाऱ्याकडून किंवा काढणाऱ्याकडून घ्या आणि सांगितलेली किंमत द्या. नाशिकच्या बाटलीवर छापील किंमत असते आणि तिथे कुणी घासाघीस करत नाही. जव्हारच्या टोपलीलाही तोच मान द्या.